प्लेको चिनी शब्दकोश: इंग्रजी 'टेक' (take, घेणं) या एका शब्दावर घेतलेली चाचणी

मोबाइलवरचा चिनी शब्दकोश म्हटला की प्लेकोचं नाव आधी निघतं, आणि ते रास्त आहे. मूळ अ‍ॅप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर फुकट आहे. कोश एकदा उतरवून घेतले की नेट नसलं तरी काम अडत नाही. समोर चिनी अक्षर आहे आणि अर्थ हवाय, तर याला तोड नाही. उलट्या दिशेने, इंग्रजीतून चिनीत जाताना मात्र जरा जपून.

शोधाची भाषा चिनीवरून इंग्रजीवर आणा आणि 'टेक' टाइप करा. समोर शब्दांचा ढीग येईल. प्लेकोचा स्वतःचा कोश आणि सीसी-सीडिक्ट हे दोन्ही फुकट कोश मुळात चिनी-इंग्रजी आहेत. अ‍ॅप त्यांतल्या इंग्रजी अर्थांमध्ये तुमचा शब्द हुडकतं, एवढंच. कोणता शब्द कुठे चालतो, हे ती यादी सांगत नाही.

नवखा माणूस मग 'ना' (दुसरा स्वर, म्हणजे उच्चारातला आवाजाचा चढउतार; अर्थ हातात घेणं) उचलतो आणि सगळीकडे तोच लावतो. 'ना याव' म्हणजे दवाखान्याच्या खिडकीवरून औषध ताब्यात घेणं. पोटात घ्यायचं ते 'छ्र याव', म्हणजे शब्दशः औषध खाणं. रुग्णाला 'दिवसातून दोनदा घ्या' असं लिहून देताना ही गल्लत परवडणारी नाही.

गंमत अशी की इंग्रजी जिथे जिथे 'टेक' लावतं तिथे मराठीतून विचार केला तर बरीच उत्तरं आपोआप जवळ येतात. गोळी आपणही खातोच. बसने जाण्याला चिनीत 'त्स्वो', म्हणजे चक्क बसणं. मुलाला शाळेत सोडायचं तर 'सुंग'. तिथे 'ताय' वापरलं तर सोबत घेऊन जाणं, किंवा संदर्भाप्रमाणे मूल सांभाळणं. 'दोन तास लागतात' यातल्या 'लागतात'ला 'याव' (चौथा स्वर; औषधाच्या 'याव'हून अक्षर वेगळं), आणि 'मला हे हवंय' यालाही तोच शब्द. आपलं 'लागणं'ही असंच दोन्हीकडे चालतं. परीक्षेत मात्र तिन्ही भाषांची तोंडं तीन दिशांना. इंग्रज विद्यार्थी ती घेतो, आपला देतो, आणि चिन्याचं क्रियापद वेगळंच, 'खाव'. (खाण्याशी त्याचा काही संबंध नाही.)

म्हणून एकटा 'टेक' कधीच शोधू नका. औषध, फोटो, बस असं कर्म जोडून पूर्ण शब्दप्रयोग टाका, की यादी एकदम आटोपशीर होते. मग नोंद उघडून उदाहरणाची वाक्यं बघा. ती प्लेकोच्या कोशात भरपूर आहेत. सीसी-सीडिक्टमध्ये नुसते अर्थ, त्यामुळे निवाडा त्याच्यावर सोडू नका. उदाहरणातल्या अनोळखी अक्षरावर बोट ठेवलं की त्याचा अर्थ तिथेच उघडतो.

शेवटी उलट तपासणी. शोध पुन्हा चिनीवर आणून पिनयिन (चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची पद्धत) आणि पुढे स्वराचा आकडा टाका. इथेही एक खड्डा आहे. 'ताय' चौथ्या स्वरात (dai4) टाकलं तर सोबत नेणं येतं, टोपी-चष्मा घालणं येतं आणि पिशवीही येते. उच्चार, स्वर सगळं सारखं, फक्त अक्षर वेगळं. तेव्हा लिहिताना अक्षर डोळ्यांनी पडताळा. उच्चारासाठी मराठी माणसाला एक फायदा आहे: पिनयिनमधला रोमन 'डी' आपल्या 'त'जवळ आणि 'टी' आपल्या 'थ'जवळ. 'डी' बघून 'दाय' म्हणण्याची खोड लवकर मोडा.

पैसे खर्चायचेच असतील तर कॅमेऱ्याने अक्षर वाचणारी सोय नंतर घ्या. ती चिनीतून अर्थ काढायला कामाची, आणि त्या दिशेला प्लेको फुकटातच भक्कम आहे. चिनीत लिहिणाऱ्याने आधी खरा इंग्रजी-चिनी कोश विकत घ्यावा.