जीएचजी प्रोटोकॉलची मोफत एक्सेल शीट: कारखान्याच्या किती कामाची?

कार्बनच्या हिशेबासाठी महागडं सॉफ्टवेअर घेण्याआधी ही शीट वापरून बघाच. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि जीएचजी प्रोटोकॉल (हरितगृह वायूंचा हिशेब कसा मांडायचा याची जागतिक नियमावली) यांची आहे, फुकट आहे. स्कोप 1 (आवारात जळणारं इंधन, कंपनीच्या गाड्या, एसीतला गॅस), स्कोप 2 (विकतची वीज) आणि स्कोप 3 (पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतचं बाकीचं उत्सर्जन) मधला प्रवास-वाहतुकीचा भाग तिच्यात बसतो. कच्च्या मालाचं उत्सर्जन मात्र बसत नाही, आणि बऱ्याच कारखान्यांत मोठा आकडा तोच असतो.

विजेचा गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचाच घाला. 2023-24 साठी तो युनिटमागे 0.727 किलो कार्बन डायऑक्साइड आहे. खरी गफलत होते ती बिल वाचताना. महावितरणच्या एचटी (उच्चदाब) बिलात केव्हीएएच (ओढलेली एकूण वीज) आणि केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष कामी आलेली वीज, म्हणजे युनिट) असे दोन आकडे असतात. आकारणी केव्हीएएचवर, म्हणून अकाउंट्सवाले तोच आकडा पाठवतात. गुणांक मात्र केडब्ल्यूएचचा. पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) 0.95 असेल, तर 1 लाख केव्हीएएच म्हणजे 95 हजार युनिट. चुकीचा आकडा भरला की महिन्याला साडेतीन टन फुकटचे चढले!

डिझेलचं सोपं आहे, लिटरमागे साधारण 2.68 किलो. फक्त खरेदीचा आकडा भरू नका. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा, असा वापर काढा.

एसी-चिलरचा रकाना बरेचजण रिकामाच सोडतात. आर-410ए या एसीतल्या गॅसची 10 किलो गळती झाली, तर ती सुमारे 20 टन कार्बन डायऑक्साइडएवढी होते, म्हणजे साडेसात हजार लिटर डिझेल जाळल्यासारखं. एएमसीवाल्याकडून (वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्याकडून) किती किलो गॅस भरला ते दर वेळी लिहून घ्या. ‘टॉप-अप केला’ एवढ्यावर हिशेब होत नाही.

अख्ख्या कारखान्याची वीज एकाच ओळीत भरली, तर बेरीज मिळेल, पण पैसा कुठे घालायचा ते कळणार नाही. सब-मीटर असतील तर कॉम्प्रेसर, भट्टी, चिलर अशा वेगळ्या ओळी करा. शेजारी बिल क्रमांकाचा रकाना स्वतः वाढवा. सेबीच्या बीआरएसआर कोअरखाली (मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांनी द्यायच्या पर्यावरण-सामाजिक माहितीच्या चौकटीत) येणाऱ्या कंपनीत तपासनीस आधी कागदच मागतो.

एक-दोन कारखान्यांना शीट पुरते. त्यापुढे प्रत्येक जागेची वेगळी फाइल होते आणि कुणी कुठला आकडा कधी बदलला, ते शोधण्यातच मार्च-एप्रिल जातो. तिथे सॉफ्टवेअरचा खर्च पटतो.