एएसके २१ वर एक सीझन : एप्रिल ते ऑक्टोबर

एप्रिलपासून जर्मनीतल्या एका क्लबात एएसके २१ या दोन सीटच्या, बिनइंजिनाच्या ग्लायडरवर शिकतोय. साठेक उड्डाणं झाली, बहुतेक विंचवरची (जमिनीवरचं यंत्र दोर गुंडाळत ग्लायडर वर ओढतं), पाच-सहा मिनिटांची.

याचे डिझायनर रुडॉल्फ कायझर यांचं आधीचं दोन सीटचं ग्लायडर, १९६६ चं के १३, लाकडी पंखांचं आणि पोलादी नळ्यांवर कापड चढवलेलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनीच एएसके २१ फायबरग्लासमध्ये केलं. पंख १७ मीटर, ग्लाइड रेशो ३४, म्हणजे शांत हवेत एक किलोमीटर उंचीवरून सुमारे ३४ किलोमीटर. पण मला हे ग्लायडर आवडलं ते चाकांमुळे.

रिकामं असताना ते शेपटीवर बसतं. दोघं आत बसलो की नाक हळूच खाली येऊन पुढच्या चाकावर टेकतं. दोघं बसल्यावर वजनाचा मध्य मुख्य चाकाच्या थोडा पुढे येतो, म्हणून असं होतं. जूनमध्ये मी जमीन अजून पुरुषभर खाली असतानाच स्टिक (नाक वर-खाली करणारा दांडा) ओढली आणि दणकन आपटलो. तरी ते पुन्हा उसळून वर गेलं नाही. आपटताच नाक खाली झुकलं, पंखांची उचल कमी झाली आणि ते गवतावर सरळ धावत गेलं. मागून इन्स्ट्रक्टर एवढंच म्हणाले, "नजर लांब ठेव." शिकाऊ माणूस कुठे चुकणार, हे कायझरना नेमकं ठाऊक होतं.

याच गुणाची दुसरी बाजू मात्र खटकते. नेहमीच्या वजनात हे ग्लायडर स्पिनमध्ये, म्हणजे उचल गमावून गरगरत खाली पडण्यात, टिकतच नाही. स्वतःच बाहेर येतं किंवा वेग वाढवत स्पायरलमध्ये, म्हणजे घट्ट वळणाच्या डाइव्हमध्ये, शिरतं. रडर (पायांनी चालवायचं शेपटीचं सुकाणू) विसरलो तरी कॅनोपीवरचा, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावरचा, लोकरीचा धागा तिरका होण्यापलीकडे शिक्षा नाही, त्यामुळे पाय आळशी होतात. शेपटीला वजनं लावून स्पिन शिकता येतो. माझ्या मते सोलोआधी, म्हणजे पहिल्यांदा एकटं उडण्याआधी, तो करायलाच हवा. मी ऑगस्टमध्ये केला आणि त्यानंतरच माझे पाय जागे झाले.

जमिनीवर ढकलताना घाम निघतो. उन्हात बंद कॅनोपीखाली बसणं तर नकोसं होतं. पांढरा रंग हौसेचा नाही, फायबरग्लासमधलं रेझिन (चिकटवणारा राळेसारखा पदार्थ) तापून नरम पडू नये म्हणून आहे.

सप्टेंबरात सोलो झाला. एकटं उडताना मागच्या सीटचे पट्टे घट्ट आवळून बांधावे लागतात, नाहीतर ते मागच्या स्टिकमध्ये अडकू शकतात. इन्स्ट्रक्टर उतरून बाजूला उभे राहिले. पट्टे मीच बांधले, दोनदा ओढून पाहिले, मग पुढे येऊन बसलो. मागचं वजन नव्हतं, विंचने ओढताच ते केवढं हलकं वर गेलं!