पोट सारखं दुखतं, रिपोर्ट नॉर्मल: आता कुणाकडे जायचं?

शाळेचे बूट घालता घालता मूल पोट धरून खाली बसतं. सोनोग्राफी, रक्त, लघवी, सगळं नॉर्मल. ‘काही झालेलं नाही’ असं आपण म्हणतो आणि त्याला ऐकू येतं, ‘तू खोटं बोलतोस’. पण कळ खरी असते. आतडी आणि मेंदू यांच्यातला निरोप बिघडलेला असतो, म्हणून पोटातला साधा वायूसुद्धा दुखतो.

फक्त डॉक्टर पुरे का? वजन घटतंय, उंची खुंटलीय, शौचातून रक्त जातंय, हिरवी उलटी होतेय किंवा कळ झोपेतून उठवतेय, तर आधी बालरोगतज्ज्ञच. बद्धकोष्ठतेतही औषध आधी. आत शौचाचा खडा साचलेला असताना नुसतं समजावून काही होत नाही. शौच मऊ करणारं औषध आणि जेवणानंतर पायाखाली स्टूल देऊन बसवणं, दोन्ही हवं. नुसत्या दुखण्यावर मात्र औषधांचा आधार तोकडा आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अमिट्रिप्टिलिन (मूळचं नैराश्यावरचं, दुखण्यावरही दिलं जाणारं औषध) घेणाऱ्या आणि नकली गोळी घेणाऱ्या मुलांत म्हणावा असा फरक दिसला नाही.

फक्त मानसोपचार? त्याची ताकद मोठी आहे. २००७ मधल्या नेदरलँड्सच्या अभ्यासात पोटावर लक्ष केंद्रित करणाऱ्या संमोहनाने वर्षभरानंतर ८५ टक्के मुलं बरी होती, नेहमीच्या उपचारांनी २५ टक्के. मुलं त्रेपन्नच होती, तरी एवढा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण तपासणीविना थेट इकडे आलात तर सीलिअ‍ॅकसारखा (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो) आजार नजरेतून सुटू शकतो.

माझा कौल दोघांना एकदम, आणि पहिल्या भेटीपासून. तपासण्या संपल्यावर ‘आता मानसशास्त्रज्ञाकडे जा’ म्हटलं की मुलाला वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले. तेच नाव पहिल्याच दिवशी घेतलं तर तो उपचाराचाच भाग वाटतो. शिवाय मानसशास्त्रज्ञ आईबाबांनाही कामाला लावतात. रोज सकाळी काळजीने ‘आज दुखतंय का रे?’ विचारलं की त्याचं सगळं लक्ष पोटाकडे जातं. त्याऐवजी ‘आज शाळेत काय आहे?’ विचारायचं, आणि कळ आली तर दोघांनी मिळून सावकाश पोटातून श्वास घ्यायचा. हे साधं वाटतं, पण रोज करणं फार अवघड आहे. मला विचाराल तर खरा उपचार इथेच आहे.

अडचण एकच: दोन ठिकाणचा वेळ आणि खर्च. आणि डॉक्टर व मानसशास्त्रज्ञ एकमेकांशी बोलत नसतील तर एक म्हणतो शाळेत पाठवा, दुसरा म्हणतो विश्रांती द्या. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा, ‘तुम्ही त्यांच्याशी स्वतः बोलाल का?’