नाव खरं, घर खरं, नंबर मात्र भामट्याचा

कोकणात घरगुती मुक्कामाची खोली फोनवरून ठरवणार असाल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. सुट्ट्या लागल्या की खोल्यांसाठी धावाधाव सुरू होते आणि त्याच वेळी भामट्यांची कमाई असते. आमचे १५,००१ रुपये गेले. आमच्या आधी कोल्हापूरच्या एका कुटुंबाचे गेले होते. आणि ज्या घरमालकीण काकींच्या नावावर हे पैसे उकळले, त्यांच्या हाती एक रुपया लागला नाही, वर दारात आलेल्या लोकांची बोलणी मात्र त्यांनाच खावी लागली.

आम्ही ठाण्याचे. येऊर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मुलांना घरच्यासारखं. या वर्षी परीक्षा संपल्यावर किनाऱ्याने खाली उतरत जायचं आणि वाटेतली अभयारण्यं मुलांना दाखवायची असं ठरलं. पनवेलच्या पुढचं कर्नाळा, मुरूडजवळचं फणसाड, वेळासची कासवं आणि शेवटी मालवणचं सागरी अभयारण्य. सासू-सासरेही बरोबर होते. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, म्हणून देवबागला एकाच जागी निवांत राहायचं आणि तिथली खोली आधीच पक्की करून निघायचं, एवढाच काय तो आमचा आग्रह.

नकाशाच्या ॲपवर देवबागचं एक घर सापडलं. पुढे समुद्र, मागे कर्ली नदीची खाडी, अंगणात माडाला बांधलेला झोपाळा. लोकांचे अभिप्राय खरे, फोटो खरे, घर तर खरंच. नंबर लावला. पलीकडून स्वच्छ मराठीत उत्तर आलं, "बोला ताई, कधी येताय?" दोन खोल्या, सगळे मिळून १५,००० रुपये. खालच्या मजल्यावरची खोली हवी, म्हटलं, मिळेल. सासूबाईंना कांदा-लसूण चालत नाही; काही अडचण नाही. मुलाला रोज सुरमई हवी, रोज मिळेल. कासवं दिसतील का? नक्की दिसतील, ताई, आमच्याच किनाऱ्यावर येतात. डॉल्फिन? शंभर टक्के.

या ‘शंभर टक्के’वर मी मुद्दाम थांबते, कारण पुढच्या प्रवासात खरे कोकणी यजमान कसे बोलतात ते रोज कानांवर पडत होतं. फणसाडला सुपेगावच्या वाटाड्याने आधीच सांगितलं होतं, शेकरूचं घरटं नक्की दाखवतो, शेकरू दिसेल की नाही ते सांगत नाही. हे रान पूर्वी जंजिरा संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं, १९८६ साली ते अभयारण्य झालं. तिथे आम्हाला शेकरू दिसलं, तेही मुलं हाका मारून मारून कंटाळल्यावर. वेळासला आम्ही ज्यांच्याकडे उतरलो, त्या वहिनींनी फोनवरच बजावलं होतं, "पिल्लं आली तर आली, नाहीतर समुद्र बघून जायचं." ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखलेल्या जागेत पुरलेली असतात, पिल्लं वर येणं वाळूच्या उबेवर अवलंबून. पहाटे टोपली उचलली तर खाली नुसती वाळू. मुलगा रडवेला झाला, पण आमच्यापैकी कुणालाही फसवल्यासारखं वाटलं नाही. समुद्राकाठच्या खऱ्या माणसाला उद्या बाजारात कुठली मासळी येईल हेही आज सांगता येत नाही, आणि तो तसं सांगतही नाही. प्रत्येक गोष्टीला हो म्हणणारा माणूस त्या किनाऱ्यावर राहतच नसतो.

तर, पहिल्या फोनलाच निम्मे पैसे आगाऊ मागितले, ७,५००. त्यात वावगं काही नाही, सगळीकडे मागतात. त्याने क्यूआर कोड पाठवला, मालकाचं म्हणून एक आधार कार्ड पाठवलं, घराच्या नावाची शिक्का मारलेली पावतीही पाठवली. पैसे पाठवताना पडद्यावर एका भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारल्यावर तो हसून म्हणाला, "आमच्या मेव्हण्याचं खातं आहे ताई, इथल्या बँकेला रेंज नसते." कोकणात रेंज नसते हे कुणाला पटणार नाही? खोटं नेमकं तिथे पेरलं होतं जिथे ते खरं वाटेल.

यानंतर गाडीने दगा दिला. केळशीहून आंजर्ल्याकडे येताना चढावर क्लचचा जळका वास यायला लागला. पहिल्या गियरमध्येही गाडी वर चढेना. मागे एसटी येऊन थांबली, तिच्या कंडक्टरने खाली उतरून आमची गाडी कडेला लावायला मदत केली. दापोलीहून मेकॅनिक आला, त्याने गाडी ओढून नेली. क्लच प्लेट चिपळूणहून मागवावी लागणार होती. मेकॅनिकने जुनी प्लेट काढून आमच्या हातात दिली, बिल लिहून दिलं, आणि सासऱ्यांना बसायला घरातून खुर्ची आणली. हेही लिहायला हवं, कारण त्या सगळ्या प्रवासात आम्हाला भेटलेली माणसं अशीच होती, एक फोनवरचा आवाज सोडून.

गाडी अडकल्यामुळे देवबागच्या तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. त्याच नंबरवर फोन केला. तो म्हणाला, "काही काळजी करू नका. फक्त सिस्टीममध्ये जुनं बुकिंग रद्द होऊन नवं पडायला हवं. तुम्ही ७,५०१ पाठवा, वरचा एक रुपया म्हणजे तुमचा कोड. जुने साडेसात हजार संध्याकाळपर्यंत आपोआप परत येतात." नवऱ्याने पाठवले. संध्याकाळ झाली, पैसे आले नाहीत. फोन केला तर म्हणाला, बँकेचा सर्व्हर बंद आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली आणि आम्ही दाभोळच्या धक्क्यावर पोचलो. जोडून सुट्टी, गाड्यांची रांग पार वरपर्यंत. आमच्या डोळ्यांसमोर भरलेली फेरीबोट धोपाव्याला निघून गेली. आमचा नंबर लागला आणि गाडी बोटीवर चढतेय तोच त्याचा फोन आला. पैसे परत करायचे आहेत, एक लिंक पाठवलीय, ते ॲप टाका आणि त्यात दिसणारा नऊ आकडी नंबर मला सांगा. नवऱ्याने लिंक उघडली. ॲप विचारत होतं, तुमच्या फोनचा पडदा समोरच्याला दाखवायचा का? माझी मुलगी शेजारी उभी होती. ती आठवीत आहे. तिच्या शाळेत पोलीस येऊन याच विषयावर बोलून गेले होते. ती म्हणाली, "बाबा, पैसे परत घ्यायला आपला पडदा कशाला दाखवायचा?" तेवढ्यात बोट खाडीच्या मध्यावर आली, रेंज गेली आणि फोन कटला. नवऱ्याने ते ॲप टाकलं नाही. टाकलं असतं तर आम्ही टाकलेला पिन त्याला दिसू शकला असता आणि आलेला ओटीपीही वाचता आला असता. मग पंधरा हजारांवर निभावलं नसतं.

धोपाव्याला उतरल्यावर मुलीने एक गोष्ट केली, ती प्रत्येकाने पैसे पाठवण्यापूर्वी करावी. तिने त्या घराच्या पानावरचे पर्यटकांनी टाकलेले जुने फोटो एकेक करून उघडले. मालकाने टाकलेले सोडून दिले, फक्त पाहुण्यांचे पाहिले. एका फोटोत एक जोडपं फाटकापाशी उभं होतं आणि त्यांच्या खांद्यामागे पिवळी पाटी होती. तिने बोटांनी फोटो मोठा केला. घराचं नाव, खाली ‘घरगुती जेवण मिळेल’, आणि त्याखाली लाल रंगात मोबाईल नंबर. शेवटचे दोन आकडे बाईच्या ओढणीआड गेले होते, पण सुरुवातीचे आकडेच पानावरच्या नंबरशी जुळत नव्हते. दुसऱ्या फोटोत पूर्ण नंबर मिळाला.

तो लावला. काकींनी उचलला. मी घराचं नाव, आमचं नाव, तारखा सांगितल्या. काही क्षण त्या बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "ह्यो नंबर आमचो नाय गो बाय. तुमका खंयसून मिळालो?" आणि मग त्याच रडायला लागल्या.

गुहागरच्या रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन नवऱ्याने १९३० ला फोन केला. ही सायबर आर्थिक फसवणुकीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे गोष्ट सांगत बसायचं नसतं, ते आकडे विचारतात: कुठल्या बँकेतून गेले, किती, कधी, आणि यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. हा क्रमांक ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो, फोन करण्याआधी तो कागदावर उतरवून ठेवा. पुढे सायबर क्राइमच्या सरकारी संकेतस्थळावर रीतसर तक्रार भरली आणि आपल्या बँकेलाही कळवलं. घाई एवढ्यासाठी की हे पैसे एका खात्यात थांबत नाहीत. पुढच्या खात्यात, तिथून आणखी पुढे, आणि शेवटी कुठल्या तरी एटीएममधून रोख. मध्येच खातं गोठलं तरच काही उरतं. आमच्या दुसऱ्या हप्त्यातले काही पैसे एका बँकेत रोखून धरले आहेत असं कळवण्यात आलं. पहिले साडेसात हजार केव्हाच पसार झाले होते.

एका पोलीस ठाण्यात आम्हाला सांगितलं गेलं की तुम्ही ठाण्याचे, घर देवबागचं, मग तक्रार इथे कशाला? हे ऐकून परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घेण्याची तरतूद आहे, तिलाच लोक झिरो एफआयआर म्हणतात. नवऱ्याने शांतपणे तेवढंच सांगितलं आणि नोंद झाली.

देवबागला आम्ही गेलोच. काकींच्या दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या, पण त्यांनी पडवीत गाद्या घालून दिल्या आणि सासऱ्यांसाठी स्वतःची खाट रिकामी केली. पैशांचं नावही काढू देईनात. आम्ही बळेच दिले. त्यांच्याकडे बुकिंगची एक लांबट वही आहे, दुकानात उधारीची असते तशी. तारीख, गाव, माणसं, आगाऊ किती. शेवटच्या पानांवर त्यांनी पेन्सिलीने वेगळी यादी ठेवलीय: जे लोक ‘पैसे भरलेत’ म्हणून दारात आले आणि ज्यांचं नाव वहीत नव्हतं, ते. कोल्हापूरच्या माणसाने त्यांच्या अंगणात उभं राहून त्यांना चोर म्हटलं होतं. नवरा वारल्यावर या बाईंनी या दोन खोल्यांवर मुलाचं शिक्षण केलं. त्या यादीवरून बोट फिरवताना त्यांचा हात थरथरत होता, आणि माझ्या पंधरा हजारांपेक्षा मला त्याचा राग जास्त आला.

नंबर बदलला कसा, ते त्यांच्या पुतण्याने दाखवलं. नकाशावरच्या पानाची मालकी कुणी पडताळून घेतलेली नसेल, तर कोणीही ‘दुरुस्ती सुचवा’ म्हणून नवा नंबर देऊ शकतो. काकींचं पान एका पाहुण्याने हौसेने बनवलं होतं, काकींना ते आहे हेच ठाऊक नव्हतं. भामट्याला घर लागत नाही, फोटो काढावे लागत नाहीत, अभिप्राय लिहावे लागत नाहीत. लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं चांगलं नाव आयतं मिळतं, फक्त दहा आकडे बदलायचे.

मालवणच्या धक्क्यावर आणखी एक प्रकार होता, थोडक्यात सांगते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. बोटीत बसायच्या आधी एक माणूस माणशी ‘अभयारण्याची फी’ मागायला आला. काकींनी सांगून ठेवलं होतं, छापील पावती मागा. मागितली. "आणतो" म्हणून गेला तो परतलाच नाही. बोटवाले मात्र सरळ होते. पाणी गढूळ असल्याने प्रवाळ नीट दिसणार नाही, उद्या सकाळी या, असं त्यांनीच सुचवलं.

खोली ठरवताना आम्ही आता पाहुण्यांच्या फोटोतल्या पाटीवरचा नंबर ताडून पाहतो. यजमानाला तिथल्या तिथे व्हिडिओ कॉल करून अंगण दाखवायला सांगतो. खरा माणूस हातातली कामं टाकून दाखवतो, खोटा कॅमेरा बिघडल्याचं सांगतो. पैसे पाठवताना पडद्यावर येणारं नाव यजमानाचं नसेल तर तिथेच थांबतो. आणि पैसे परत मिळवण्यासाठी आपल्याला पिन टाकावा लागतो, क्यूआर स्कॅन करावा लागतो किंवा ॲप टाकावं लागतं, असं कुणी म्हणालं की फोन ठेवतो. पैसे येताना यातलं काहीही लागत नाही.

निघायच्या आदल्या रात्री पुतणा, नवरा आणि मुलगी पडवीत बसले आणि काकींच्या पानाची मालकी काकींच्या नावावर करून घेण्याची प्रक्रिया त्यांनी पूर्ण केली. मग त्याच वाडीतल्या इतर घरांची पानं उघडून पाहिली. आणखी दोन घरांवर मालकांना माहीत नसलेले नंबर होते. तुम्ही कोकणात कधी कुणाच्या घरी राहिला असाल आणि त्यांचा नंबर तुमच्या फोनमध्ये असेल, तर आज त्यांचं पान उघडा, नंबर जुळतोय का बघा, आणि जुळत नसेल तर त्यांना फोन करा.