ठाणे ते नागपूर: गाडी, रेल्वे की विमान? काही महिने तिन्ही वापरल्यावरचा अनुभव

आईबाबा नागपूरला आणि नोकरी ठाण्यात, त्यामुळे हा प्रवास सारखाच होतो. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला आणि तेव्हापासून ऑफिसमधला प्रत्येकजण सांगतोय की आता रेल्वे कशाला, आठ तासांत नागपूर. मी तेव्हापासून तिन्ही प्रकारांनी जाऊन आलोय, कधी एकटा, कधी बायको-मुलीला घेऊन, एकदा बाबांना सोबत घेऊन. माझं मत आधीच सांगून टाकतो, एकटे असाल आणि दुसऱ्या दिवशी नागपुरात काम असेल तर रात्रीची रेल्वेच घ्या. बाकी दोन्हींना त्यांची त्यांची वेळ आहे.

आधी गाडीचं, कारण सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. रस्ता खरंच जबरदस्त आहे, ७०१ किलोमीटर, कुठे सिग्नल नाही, बाईक-रिक्षा नाहीत, इगतपुरीजवळचा जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आल्यापासून कसारा घाटात ट्रकच्या मागे रांगायचं कामच संपलं. पण ते जे आठ तास म्हणतात ते फक्त महामार्गाच्या दोन टोकांमधले, भिवंडीजवळचं आमणे ते नागपूरजवळचं शिवमडका. ठाण्यातून भिवंडीचं ट्रॅफिक काढून आमण्याला पोचायचं, तिकडे शिवमडक्याहून घरी जायचं, मधे जेवण, चहा, मुलीचे थांबे, हे सगळं धरलं की दहा तास पकडून चाला. सकाळी सहाला निघालात तर संध्याकाळी चारला घरी, आणि त्या दिवशी दुसरं काही होत नाही, अंग आंबून जातं.

खर्च बघा, टोल एक्झिटला अंतराप्रमाणे कापला जातो, एप्रिल २०२५ पासून कारला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे, म्हणजे पूर्ण रस्त्याचे चौदाशेच्या वर. पेट्रोल माझ्या गाडीला एका बाजूचं पाच हजारांच्या आसपास लागतं, आणि ११० च्या वर चालवलं की ॲव्हरेज सरळ खाली येतं. चौघं असाल तर हिशोब मस्त बसतो. एकट्याने मात्र सहा-साडेसहा हजार घालून वर दहा तास स्टिअरिंग धरायचं याला मला तरी अर्थ वाटत नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, टायर बघितल्याशिवाय या रस्त्यावर जाऊ नका. काँक्रीटचा रस्ता, विदर्भातलं एप्रिल-मेचं ऊन आणि तासन् तास शंभरच्या वरचा स्पीड, यात हवा तापून टायरमधला दाब वाढत जातो, जुना किंवा कडेला चिरलेला टायर असेल तर तो फुटतोच. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३२१ असेल तर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. दुसरं म्हणजे झोप. जालना सोडलं की बुलढाणा, वाशिमपर्यंत रस्ता इतका सरळ आणि एकसारखा आहे की डोळे उघडे असून लक्ष नसतं, म्हणून दर दोन तासांनी थांबायचं म्हणजे थांबायचंच, झोप येत नसली तरी. रात्री तर मी हा रस्ता घेतच नाही, घरचे कितीही म्हणोत. टाकी आणि पोटाची सोय निघायच्या आधीच करून ठेवा, मधे कधी कधी बराच वेळ काहीच मिळत नाही.

विमान. हवेत दीड तासच. पण संध्याकाळच्या ट्रॅफिकमधे ठाण्याहून विमानतळ गाठायला दीड तास, काउंटर तासभर आधी बंद होतो म्हणून त्याच्याही आधी पोचायचं, उतरल्यावर बॅगेची वाट, असं करत दारापासून दारापर्यंत साडेपाच तास सहज जातात. नागपूरचा विमानतळ मात्र शहराला लागूनच, उतरलं की अर्ध्या तासात घरी, हे फार मोठं सुख आहे. हिवाळ्यात एक लक्षात ठेवा, एकच विमान दिवसभर वेगवेगळ्या शहरांत फिरत असतं, दिल्लीला धुकं पडलं की आपल्याकडे स्वच्छ ऊन असूनही आपलं विमान लटकतं. मला एकदा असंच रात्री साडेबारापर्यंत गेटवर बसावं लागलं. घरात दवाखान्याची वगैरे तातडी असेल तेव्हा मात्र मी पैशाचा विचार न करता विमानच घेतो.

आता रेल्वे. सीएसएमटीहून रात्री सव्वाआठच्या सुमारास निघणारी दुरांतो सकाळी साडेसातच्या आत-बाहेर नागपूरला, आंघोळ करून दहाला कामाला हजर. दिवस एकही खर्ची पडत नाही, रात्र नाहीतरी झोपेतच जाणार असते, यासाठीच मला ती आवडते. ठाण्याहून उलटं सीएसएमटीला जायला लागतं खरं, पण संध्याकाळी तिकडे जाणाऱ्या लोकलला गर्दी कमी असते. दुरांतोला फ्लेक्सी भाडं आहे, बर्थ भरत जातात तसं तिकीट चढतं, उशीर केला तर मूळ भाड्याच्या १.४ पटीपर्यंत. विदर्भ एक्सप्रेसला ते नाही आणि ती ठाण्यालाच थांबते, फक्त नागपूरला नऊच्या पुढे पोचते. बाबांना घेऊन मी तीच घेतो. साठीच्या वरच्यांसाठी लोअर बर्थचा कोटा आहे, बुकिंगला वय नीट टाका आणि कोटा निवडा. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती परत सुरू व्हायलाच हवी असं मला अगदी मनापासून वाटतं.

अडचण एकच, तिकीट. बुकिंग आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वी १२० होतं, म्हणून तारीख ठरली की बुकिंग उघडतं त्याच दिवशी सकाळी आठला बसा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं, या दोन्ही वेळेला रेल्वे काय नि विमान काय, उशीर केला तर वेटिंग नाहीतर दुप्पट भाडं. त्या दिवसांत आम्ही भावाचं कुटुंब धरून एका गाडीत जातो, पहाटे पाचला निघून, दोघं आलटून पालटून चालवत.