कोरडी भट्टी की दमट वाफ: परदेशातली उन्हातली शर्यत निवडताना

परदेशातल्या कडक उन्हाळ्यातल्या शर्यतीला जावं का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: उष्मा कसला, कोरडा की दमट? तापमानाचा आकडा सगळेच बघतात, पण त्यानं मला तरी दोनदा चकवलं. मी दोन्ही प्रकार धावलो आहे. एकदा वाळवंटात, भर सकाळच्या उन्हात, पारा 41 पर्यंत चढलेला. एकदा समुद्रकाठच्या शहरात, सूर्य उगवायच्या आधी, पारा जेमतेम 29. हाल झाले ते 29 मध्ये.

कारण तसं साधं आहे. साठ किलोच्या माणसाला एक किलोमीटर धावायला साधारण 60 किलोकॅलरी लागतात आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग नुसती उष्णता होतो. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर 580 किलोकॅलरींच्या आसपास उष्णता घेऊन जातो. म्हणजे तासाला दहा किलोमीटरच्या वेगाला, कागदावर, लिटरभर घामसुद्धा लागत नाही. अट एकच, तो वाळला पाहिजे. ओघळून रस्त्यावर पडलेला घाम अंगातलं पाणी आणि मीठ नेतो, उष्णता मात्र अंगातच ठेवून जातो. दमट हवेत नेमकं हेच होतं. कोरड्या हवेत घाम दिसतही नाही इतक्या लवकर उडतो. तिथे हवाच कातडीपेक्षा गरम असते आणि उलट आपल्याला तापवते, हे खरं. तरी शरीराचं घाम वाळवायचं यंत्र तिथे चालू असतं.

आता माझा निर्णय ज्या गोष्टीमुळे झाला ती सांगतो. ती तुम्हाला क्षुल्लक वाटेल. समुद्रकाठच्या शर्यतीत माझे बूट ओले झाले.

पाऊस नव्हता, कुठे डबकं नव्हतं. नवव्या-दहाव्या किलोमीटरपासून घाम मांड्यांवरून, पोटऱ्यांवरून ओघळत मोज्यात उतरायला लागला. चौदाव्याला प्रत्येक पावलागणिक बुटातून ‘चपक, चपक’ आवाज. सोळाव्याला मी फुटपाथच्या कडेला बसलो, डावा मोजा काढला आणि पिळला. धुतलेलं फडकं पिळावं तशी धार लागली. पायाची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती, करंगळीजवळची कातडी सुटायला आली होती. सोबत कोरड्या मोज्यांची जोडी होती, ती घातली. वीस मिनिटांत तीही तशीच. मग फोड आले, फोडांमुळे पाऊल तिरकं पडायला लागलं, तिरक्या पावलानं गुडघा दुखायला लागला, आणि शेवटचे पंधरा किलोमीटर मी शर्यत धावत नव्हतो, पाय सांभाळत होतो. श्वास ठीक होता, तयारी ठीक होती, महिनोन्‌महिने केलेले लाँग रन अंगात होते. त्यातलं काही कामी आलं नाही. जाड मोजे, पातळ मोजे, पाच बोटांचे मोजे, व्हॅसलीन, पावडर, सगळं मी नंतरच्या सरावात करून पाहिलं आहे. कुणाला उपाय सापडला असेल तर मला खरंच आनंद होईल.

डोक्यावर ओतलेल्या पाण्याचंही तसंच. दमट हवेत ते क्षणभर बरं वाटतं आणि घामासारखंच ओघळून बुटात जातं. वाळवंटात मी टोपी आणि पांढरा, सैल, लांब बाह्यांचा शर्ट पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी भिजवून घेत होतो. पुढची आठ-दहा मिनिटं अंगावर गारवा राहायचा, मग शर्ट कडक कोरडा आणि त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा. मानेभोवतीच्या रुमालात बर्फ गुंडाळून पळताना तर, 41 मध्येसुद्धा, शहारा आला होता. मोजे शेवटपर्यंत कोरडे.

कतारमधल्या दोहाची 2019 ची जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धा बऱ्याच जणांना आठवत असेल. महिलांची मॅरेथॉन मुद्दाम मध्यरात्री ठेवली होती. ऊन नव्हतंच, तरी हवा तिशीच्या वर आणि आर्द्रता 70 टक्क्यांहून जास्त. 68 जणी निघाल्या, 28 जणींनी वाटेत शर्यत सोडली. विजेतीची वेळ 2 तास 32 मिनिटं 43 सेकंद. आठवड्यानं त्याच शहरात, तशाच मध्यरात्री पुरुष धावले, तेव्हा हवा बरीच कोरडी होती आणि विजेता 2:10:40 मध्ये आला. दोन वेगळ्या शर्यतींची अशी तुलना काटेकोर नाही, मान्य. पण आयुष्यभर हेच करणाऱ्यांची ती अवस्था झाली, तर नोकरी सांभाळून पळणाऱ्या आपल्यासारख्यांनी रात्रीच्या स्टार्टवर फार विसंबू नये असं मला वाटतं. दमट गावात रात्र दिलासा देत नाही. वाळवंटात सूर्य कलला की तासा-दोन तासांत हवा बदलते, झोप लागते, दुसऱ्या दिवशी पाय उचलतात.

कोरड्या उष्म्याची बाजू मी घेतो आहे हे एव्हाना लक्षात आलं असेल, म्हणून तिच्यातले धोकेही नीट सांगायला हवेत. पहिला धोका म्हणजे घाम दिसत नाही. शर्ट कोरडा, कपाळ कोरडं, आपल्याला वाटतं सगळं आटोक्यात आहे, आणि तोवर दीड-दोन लिटर पाणी गेलेलं असतं. सरावात धावण्याआधी आणि नंतर वजन करून स्वतःचा तासाचा घाम किती ते माहीत असल्याशिवाय वाळवंटात जाऊ नका. उलट टोकही तितकंच वाईट. भीतीपोटी घटाघटा पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि त्यानंही माणसं दगावली आहेत. तहान आणि वजन, दोन्हीकडे बघायचं.

दुसरा धोका अंतराचा. शहरातल्या दमट शर्यतीत रस्ता सोडलात तर टॅक्सी मिळते, रुग्णवाहिका जवळ असते, डॉक्टरांचे तंबू थोड्या थोड्या अंतरावर असतात. मोरोक्कोतल्या मॅरेथॉन दे साब्लसारख्या जवळपास 250 किलोमीटरच्या, अनेक दिवसांच्या शर्यतीत जेवणखाण पाठीवर वाहावं लागतं. 2021 मध्ये तिथे भयंकर उष्म्यात पोटाच्या विकाराची साथ पसरली, एका धावपटूचा मृत्यू झाला आणि निम्म्याच्या आसपास लोकांनी शर्यत सोडली. कॅलिफोर्नियातली बॅडवॉटर 135 जुलैमध्ये डेथ व्हॅलीत होते, 217 किलोमीटरची. तिथे स्वतःची गाडी आणि मदतनीस नसतील तर उभंच राहता येत नाही. मी बोलतोय ते या टोकांबद्दल नाही. एका दिवसाच्या, दर चार-पाच किलोमीटरला पाणी देणाऱ्या वाळवंटी शर्यतीबद्दल बोलतोय. पहिल्यांदाच परदेशी उष्म्यात धावत असाल आणि सोबत कुणी नसेल, तर शहरातली शर्यत जास्त सुरक्षित, हे मी नाकारणार नाही.

सवय करण्याबाबत दोन्हीकडे हिशोब सारखाच. शरीराला उष्म्याशी जुळवून घ्यायला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रव वाढतो, नाडी जरा खाली येते, मग घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. हा फायदा टिकत मात्र नाही, दोन-तीन आठवड्यांत बराचसा उतरतो. तितके दिवस आधी जाऊन राहायला रजा कुणाला मिळते? मी धावून आल्यावर लगेच 40 अंशांच्या गरम पाण्यात अर्धा तास बसायचो, घरात दुसरं कुणीतरी असताना, आणि उठताना टबाची कड धरून. वाळवंटासाठी एवढ्यावर माझं भागलं. दमट शर्यतीसाठी हेच करून गेलो होतो. नाडी खरोखर ताब्यात राहिली, पण पायांसाठी त्यात काही नव्हतं.

नोंदणीच्या पानावर नुसतं सरासरी तापमान दिलेलं असतं, ते सोडून द्या. डब्ल्यूबीजीटीचा, म्हणजे तापमान, आर्द्रता आणि ऊन एकत्र धरून काढलेल्या उष्म्याच्या मापाचा, आकडा मागा. त्यात ओल्या फडक्याच्या तापमापकाला 70 टक्के वजन असतं, उन्हाच्या काळ्या गोळ्याला 20 आणि साध्या हवेला फक्त 10. कोणत्या आकड्याला शर्यत कमी करणार, कोणत्याला रद्द करणार, हे आयोजकांनी आधी ठरवलेलं असलं पाहिजे. 2007 ची शिकागो मॅरेथॉन उष्म्यामुळे मधेच थांबवावी लागली होती, आणि ती तर ऑक्टोबरमधली. शर्यत पुढच्या वर्षावर ढकलायची सोय आहे का तेही विचारा. आठवड्यात ताप येऊन गेला असेल, पोट बिघडलं असेल, किंवा पूर्वी कधी उष्माघात झाला असेल, तर कोरडं-दमट हा प्रश्नच उरत नाही. ढकला.

आणि एक प्रश्न मेलमध्ये जरूर लिहा: वैद्यकीय तंबूत बर्फाच्या पाण्याचे टब आहेत का, आणि कोणत्या किलोमीटरला? धावताना उष्माघात झालेल्या माणसाला आधी जागेवरच गार करायचं, रुग्णालयात मग न्यायचं. पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरवला तर बहुतेक सगळे वाचतात. वाळवंटातल्या आयोजकांनी मला टबांची संख्या, जागा आणि बर्फाची गाडी किती वाजता येते तेही कळवलं होतं. समुद्रकाठच्यांकडून ‘पुरेशी वैद्यकीय व्यवस्था आहे’ एवढी एक ओळ आली. सगळ्या दमट शर्यती अशाच असतील असं मुळीच नाही. तुमच्या शर्यतीचं उत्तर वेगळं आलं तर माझं पारडं तेवढ्यापुरतं बाजूला ठेवा.

तुम्ही वर्षभर दमट हवेतच सराव करत असाल आणि पाय ओल्या मोज्यांना सरावलेले असतील, तर समुद्रकाठची शर्यत तुम्हाला माझ्याइतकी जड जाणार नाही कदाचित. मी पुढच्या हंगामासाठी पुन्हा वाळवंटातच नाव दिलं आहे. शर्ट तोच, बूट अर्ध्या नंबरानं मोठे, आणि मोज्यांची एकच जोडी.