स्लीव्ह ठरली होती, बायपास करून घेतली: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या महिन्यात ठाणे स्टेशनच्या जिन्यावर माझा पाय मुरगळला. जवळच्या दवाखान्यात गेले, तर मी काही सांगायच्या आत सिस्टरनी डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन भरलंसुद्धा. "माझी गॅस्ट्रिक बायपास झाली आहे, मला हे चालत नाही," म्हटलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, इंजेक्शन आहे, गोळी नाही. पोटात जातच नाही ना." डॉक्टरांनाही ते पटल्यासारखं दिसलं. शेवटी मी पर्समधलं कार्ड काढून दाखवलं, तेव्हा पॅरासिटामॉल मिळालं.

गोळी असो वा इंजेक्शन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं रक्तात मिसळून काम करतात आणि जठर-आतड्याच्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करणारी यंत्रणा दुबळी करतात. वजन घटवण्याच्या या बायपास शस्त्रक्रियेत जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून त्याला आतडं जोडतात, बाकीचं जठर पोटातच राहतं. आतड्याच्या त्या भागाला आम्लाची सवय नसते, म्हणून जोडापाशी व्रण होण्याचा धोका कायम राहतो. तो धोका वाढवणाऱ्या गोष्टींत पहिल्या दोन म्हणजे धूम्रपान आणि ही वेदनाशामकं. सुई दंडात टोचली म्हणून जोड वाचत नाही.

स्लीव्ह (जठराचा बराच भाग कापून काढणं) की बायपास, यातली वजन घटवण्याची कोणती शस्त्रक्रिया करावी हे विचारायला अलीकडे बरेच जण माझ्याकडे येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, किलो किती उतरले? माझं वजन ११२ वरून ७९ वर आलं आहे, आणि त्याचा आनंद मला रोज होतो. पण दोन्हींतून एक निवडायची असेल तर किलोंचा उपयोग फार थोडा. घरातला औषधांचा डबा उघडा आणि त्यात काय आहे ते बघा. माझा निर्णय त्या डब्याने केला.

शस्त्रक्रियांची प्राथमिक माहिती वाचणाऱ्यांना असेलच, म्हणून ती इथे उगाळत नाही. मी ४६ वर्षांची, उंची १५८ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४५ च्या आसपास. राहायला नौपाड्यात, नोकरी वाशीला, रोजचा प्रवास ट्रान्स-हार्बरने. रक्तदाब होता, दोन्ही गुडघे गेलेले होते आणि ॲसिडिटी इतकी जुनी की सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेणं हे दात घासण्याइतकं अंगवळणी पडलं होतं. तेव्हा माझ्या डब्यात दोन गोष्टी हमखास असायच्या: पित्ताची गोळी आणि गुडघ्यांसाठी कॉम्बिफ्लाम, म्हणजे आयबुप्रोफेन असलेली वेदनाशामक गोळी. नेमक्या याच दोन गोष्टी मला दोन विरुद्ध दिशांना ओढत होत्या.

आधी स्लीव्हच ठरली होती. खारघरला राहणाऱ्या माझ्या धाकट्या नणंदेने ती दोन वर्षांपूर्वी केली आणि तिचं छान चाललं आहे. "वहिनी, तुम्ही कशाला आतड्याला हात लावून घेता? स्लीव्ह करा, मोकळ्या व्हा," असं ती म्हणाली, आणि ते मला पटलं होतं. जठराचा साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकायचा, आतड्याला हात नाही, जोड नाही. घोडबंदर रोडवरच्या ज्या रुग्णालयात मी नाव नोंदवलं, तिथल्या समन्वयक बाईही स्लीव्हचंच पॅकेज पुढे करत होत्या. विम्याच्या कॅशलेसची मंजुरीही आली.

मग एंडोस्कोपीचा रिपोर्ट आला. हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला, आणि अन्ननलिकेला ग्रेड बी दाह. समन्वयक बाई म्हणाल्या, "काळजी करू नका, हर्निया त्याच वेळी शिवून घेतील." मला तेवढ्याने समाधान झालं नाही, म्हणून सर्जनची वेगळी वेळ घेतली. त्यांनी कागदावर दोन चित्रं काढली. स्लीव्हनंतर जठराची अरुंद नळी उरते. वरचा फुगीर, ताण सामावून घेणारा भाग कापलेला असतो, खालची झडप मात्र जागच्या जागी असते. त्यामुळे आतला दाब वाढतो आणि आम्लाला वर यायची वाट सोपी होते. बायपासमध्ये वर उरणारं जठर जेमतेम ३० मिलीलिटरचं. त्यात आम्ल फारसं तयार होत नाही, आणि यकृतातून येणारं पित्त मिसळतं ते खाली बरंच दूर.

चित्रावर माझं भागलं नाही, मी आकडे मागितले. त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासाचे आकडे दाखवले. तो २०१८ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. २१७ रुग्ण, दोन गट, पाच वर्षं पाठपुरावा. जादा बीएमआयमधली (प्रमाणापेक्षा जितका वर होता त्यातली) घट स्लीव्हमध्ये ६१.१ टक्के, बायपासमध्ये ६८.३ टक्के, संख्याशास्त्राच्या हिशेबाने हा फरक ठोस धरता येत नाही. पण ज्यांना आधीपासून ॲसिडिटी होती, त्यांच्यात ती बायपासनंतर ६०.४ टक्के जणांची गेली आणि स्लीव्हनंतर २५ टक्के जणांची. वाढली ती बायपासनंतर ६.३ टक्क्यांत आणि स्लीव्हनंतर ३१.८ टक्क्यांत. त्याच अभ्यासात पुन्हा शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपचार लागण्याचं प्रमाण बायपासमध्ये जास्त होतं, २२.१ टक्के, स्लीव्हमध्ये १५.८ टक्के. हा आकडा त्यांनी लपवला नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

माझा जीव एका साध्या हिशेबात अडकला. स्लीव्हनंतर ॲसिडिटी असह्य झाली, तर तिच्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे स्लीव्हची बायपास करणं. म्हणजे दुसरी भूल, दुसरं बिल आणि विम्याशी दुसरी झटापट. पाच लाखांच्या पॉलिसीवर चालणाऱ्या घराने हे गृहीत धरून पहिली शस्त्रक्रिया करायची का?

बायपासच्या विरुद्ध उभे होते माझे गुडघे. सर्जननी विचारलं, "महिन्याला दुखण्याच्या गोळ्या किती लागतात?" मी सांगितल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन हा सगळा गट आयुष्यभरासाठी बंद. स्लीव्हनंतरही डॉक्टर जपूनच वापरायला सांगतात, पण तिथे जोड नसल्यामुळे गरज पडल्यास थोडी मोकळीक असते. ज्याला संधिवात आहे, ज्याचे दिवस वेदनाशामकांवरच निघतात, त्याच्यासाठी हा मुद्दा एकटाच स्लीव्हच्या बाजूने कौल देऊ शकतो. मी त्या रेषेच्या अगदी काठावर होते. माझ्या अस्थिरोगतज्ज्ञांनी तिढा सोडवला. वजन १ किलोने घटलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोंनी कमी होतो, असं ते म्हणाले. गुडघ्याचं दुखणं वजनाबरोबर कमी होण्याची आशा होती. अन्ननलिकेचा दाह स्लीव्हने वाढायची भीती होती. मी बायपास म्हटलं.

मधला पर्याय म्हणून मिनी बायपासचंही सुचवलं गेलं. आपल्याकडे ती बरीच होते. एकच जोड, वेळ कमी. पण तिच्यात पित्त जठरात येऊ शकतं, आणि माझी अन्ननलिका आधीच सोललेली. तो विषय तिथेच संपला. वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांचंही विचारून झालं, कारण त्यातलं मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हापासून ऑफिसात दुसरा विषय नव्हता. थांबवल्यावर वजन परत चढतं, आणि न थांबवण्याइतके पैसे माझ्याकडे नाहीत.

निर्णय बदलल्यावर खरा मनस्ताप सुरू झाला. कॅशलेसची मंजुरी स्लीव्हच्या नावाने होती. बायपासचं पॅकेज साधारण ५० हजारांनी जास्त. टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारी संस्था) नवा अर्ज मागितला आणि वर शेरा मारला की शस्त्रक्रियेचा प्रकार बदलण्याचं वैद्यकीय कारण स्पष्ट नाही. एंडोस्कोपीचा रिपोर्ट त्याच फाईलमध्ये लावलेला होता! रुग्णालयाचा विमा कक्ष म्हणे टीपीएला विचारा, टीपीए म्हणे रुग्णालयाकडून पत्र आणा. शेवटी सर्जनकडून दोन ओळींचं पत्र घेतलं: दाहाचा ग्रेड, हर्निया, त्यामुळे स्लीव्ह योग्य नाही. मग मंजुरी आली. हे पत्र पहिल्याच दिवशी लिहून घ्या. आणि विमा नियामकाची अट नीट वाचा: बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत अनियंत्रित मधुमेह, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं) यांसारखे ठरावीक आजार. आपल्यासारख्या आशियाई शरीरांसाठी डॉक्टर त्याहून कमी आकड्यालाही शस्त्रक्रिया सुचवतात. विमा कंपनी मात्र आपला आकडा धरून बसते.

शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे पातळ आहाराचे आठवडे सगळ्यांचे सारखेच, ते सोडते.

तिसऱ्या महिन्यापर्यंत माझं मत बायपासच्या विरोधात झुकलं होतं, हे सांगितलंच पाहिजे. ॲसिडिटीसाठी एवढा उपद्व्याप केला, आणि पित्ताची गोळी काही बंद होईना. नवा जोड भरून येईपर्यंत ती घ्यावीच लागते. शिवाय पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिन्यांची वेगळी गोळी. केस मूठ-मूठ गळत होते. गणपतीत उकडीचा एक मोदक खाल्ला. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम फुटला, पोटात पिळवटलं आणि आरतीच्या वेळी मी आतल्या खोलीत आडवी पडले होते. हे डंपिंग. गूळ-साखर आतड्यात एकदम उतरली की असं होतं. नणंद त्या दिवशी दोन मोदक खाऊन मजेत फिरत होती. तेव्हा मला फार वाईट वाटलं.

आता त्या दिवसाकडे मी वेगळं बघते. गोड दिसलं की माझा हात आपोआप आखडतो, आणि मला ते हवंच होतं. केस पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर थांबले. पित्ताची गोळी सर्जननी बंद केली, त्यानंतरच्या आठवड्यांत मी रोज रात्री जळजळीची वाट बघत झोपायचे. ती आली नाही. दोन उशा काढून टाकल्या. आंबट पाणी घशाशी येऊन मध्यरात्री उठून बसणं संपलं. खोकला संपला, तो ॲसिडिटीचा होता हे मला माहीतच नव्हतं. पोळीच्या घासाबरोबर वर्षानुवर्षं जाणवणारी आग नाही. घटलेले ३३ किलो एका बाजूला आणि ही झोप दुसऱ्या बाजूला ठेवली, तर मी झोप उचलीन. सांगताना आजही माझा गळा दाटून येतो.

आता पैशाचं. बायपासनंतर गोळ्या जन्मभर, आणि त्यात काटकसर कुठे करायची नाही ते समजून घ्या. कॅल्शियम सायट्रेटच हवं. औषधाच्या दुकानात समोर ठेवतात ते बहुतेक कार्बोनेट असतं, स्वस्त असतं, पण ते विरघळायला आम्ल लागतं आणि आपल्या छोट्या जठरात आम्ल फारसं नसतं. दुकानदार "एकच आहे हो" म्हणाला तरी डबी परत करा. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तासांचं अंतर. बी-१२ चं मात्र महिन्याचं इंजेक्शन स्वस्त पडतं, तिथे महागड्या गोळ्यांची गरज मला वाटली नाही. प्रथिनं रोज ६० ग्रॅमच्या वर जायला हवीत. आमच्या घरात अंडी चालतात म्हणून जमतं. मूग, पनीर, दही आणि दुपारी एक स्कूप पावडर. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही.

आणि वेदनाशामकांचं पुन्हा लिहिते, कारण इतका मोठा दोष इतक्या हलक्या आवाजात सांगितला जातो. आपल्याकडे दुखण्यावर नुसतं पॅरासिटामॉलच लिहून देतात असं नाही. नावापुढे 'पी' लावलेल्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर एसिक्लोफिनॅक असतं. दातांच्या डॉक्टरांनी मला तेच लिहून दिलं होतं. माझ्या आजाराचा कागद त्यांच्या टेबलावर होता. गोळ्यांची पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचणं हे आता माझं काम. पर्समध्ये लॅमिनेट केलेलं कार्ड आहे, त्यावर चालणारी आणि न चालणारी औषधं, सर्जनचा फोन आणि ठळक अक्षरात 'इंजेक्शनसुद्धा नाही'. घरच्यांच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो आहे, कारण मी बेशुद्ध असले तर कार्ड कोण दाखवणार? कार्डाच्या मागच्या बाजूला आणखी एक ओळ आहे: खालचं उरलेलं जठर पोटातच आहे आणि नेहमीच्या दुर्बिणीने तिथे पोचता येत नाही.

रोजचं गुडघ्याचं दुखणं पॅरासिटामॉलवर भागतं, तेही अधूनमधून. संध्याकाळी तलावपाळीला फेऱ्या मारते, स्टेशनचा जिना कठड्याला न धरता चढते. पण उजव्या गुडघ्यातली झीज एक्स-रेत आहे तशीच आहे आणि तो कधीतरी बदलावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. गुडघा बदलल्यानंतरच्या वेदनेवर नेहमी हीच बंद असलेली औषधं देतात. म्हणून मी भूलतज्ज्ञांची वेळ आधीच घेऊन विचारून आले. नस बधिर करणारं इंजेक्शन, पॅरासिटामॉल आणि गरज पडल्यास ट्रॅमाडॉल, असा आराखडा त्यांनी लिहून दिला आहे. तो कागद मी विम्याच्या फाईलमध्ये लावला आहे. दीड वर्ष झाल्यावर वजन स्थिरावेल, तोवर ऑर्थोपेडिकवाल्यांनी थांबायला सांगितलं आहे.